लाकडी केबिनच्या ट्रकच्या बिजागऱ्या: ओळख, जुळणी आणि दुरुस्तीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

मोहाडीला मामांच्या शेडमधला टाटा-मर्सिडीज ट्रक. जाळीवर तीन टोकांचा तारा शाबूत आहे. टेल्को (पुढची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, म्हणजे गाडी त्या काळातली. आरसी बुकातलं साल वाळवीनं खाल्लंय. इंजिन दुसरा माणूस बघतोय, माझ्याकडे फक्त दारं. नोंदी ठेवतोय कारण या कामाची माहिती विचारायला गेलं की प्रत्येक जण 'पद्मिनीच्या (प्रीमियर पद्मिनी मोटारीच्या) टाक' म्हणून मोकळा होतो.

ड्रायव्हरचं, म्हणजे उजवं दार लॉकच्या बाजूला २२ मिमी खाली आलंय. खालून उचलल्याशिवाय लागत नाही. वरच्या बिजागरीची मूळ पिन गेलीय, तिथे कुणीतरी बोल्ट ठोकलाय. खालच्या बिजागरीचं दाराकडचं पान, म्हणजे बोल्ट लागतात ती सपाट बाजू, भोकातून फाटलंय. क्लीनरच्या बाजूचं दार बरं आहे, पण त्याची खालची बिजागरी बाकीच्या तिघींच्या जातीची नाही: पान पातळ, भोकं चारऐवजी तीन.

दार काढण्याआधी मोजून घेतलं आणि हे प्रत्येकानं करावं. दार आणि खांब यांच्यातली फट वर किती, खाली किती. दाराचा पत्रा खांबाच्या किती बाहेर. पिनचा मध्य खांबाच्या कडेपासून किती लांब. दार एकदा खाली उतरवलं की ते कुठे बसत होतं हे सांगणारं काहीच उरत नाही. फोटोवरून अंदाज येतो, माप येत नाही. मी मापं सरळ खांबावर खडूनं लिहिली आणि मग त्याचा फोटो काढला.

मूळ बिजागरीचं वर्णन: पट्टी दीड इंच रुंद, दोन सूत जाड (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नळी पट्टीचंच टोक वळवून केलेली. पिन चार सुती, म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी, झिजून काही ठिकाणी ११.९ झालीय. प्रत्येक पानाला चार भोकं, अडीच सुती बोल्टांची. कुठेही कंपनीचा शिक्का नाही, नंबर नाही.

२१ जानेवारी, रविवार

नाशकात द्वारका आणि मुंबई नाक्याच्या आसपास स्पेअर पार्टच्या दुकानांत 'जुन्या टाटाच्या दाराची बिजागरी' मागितली. दाखवलं ते सगळं नंतरच्या पत्र्याच्या केबिनचं, दाबून काढलेलं. एका दुकानदारानं 'हीच ओरिजिनल' म्हणून एक जोडी समोर ठेवली. भोकांचं अंतर जुळत नाही, पिनचा मध्य जवळजवळ पाऊण इंच आत. घेतली नाही.

जुळणार नाहीच, आणि त्याचं कारण साधं आहे. त्या काळी आपल्याकडे ट्रक बहुतेक करून काउल-चॅसिस म्हणूनच विकला जाई: कंपनी देणार चॅसिस, इंजिन, बॉनेट आणि डॅशपर्यंतचा पत्रा. मागची केबिन बॉडीवाला लाकडात बांधणार, वरून पत्रा ठोकणार. दार त्याचं, खांब त्याचा, बिजागरीही त्याचीच. तेव्हा बॉनेटवर तारा असो, बेडफर्ड असो की लेलँड, दाराची बिजागरी त्या नावाखाली शोधणं म्हणजे वेळ घालवणं. मोटारीचं तसं नाही. तिथे दार कारखान्यातूनच येतं, म्हणून बिजागरीवरून गाडी सांगता येते. ट्रकच्या बिजागरीवरून फार तर बॉडीवाला सांगता येईल.

२६ जानेवारी, शुक्रवार

भद्रकालीत एक जुना बॉडी वर्कशॉप आवरायला काढलाय. तिथले चाचा साठ-सत्तरच्या दशकापासून डेंटिंग करत आलेत. माळ्यावर बिजागऱ्यांचं पोतं होतं. चाचा म्हणाले, "निवडत बसू नका, सगळं पोतं घेऊन जा." भंगाराच्या भावानं देईनात. ६० रुपये किलोनं, ३१ किलो, १८६० रुपये. रिक्षाचे १५० वेगळे.

पोत्यात काय काय आहे ते चाचांनाही आठवत नाही. "फियाट असेल, अँबेसेडर असेल, मिलिटरीचं असेल," एवढंच. देवळाली कॅम्पातून लिलावात निघालेल्या गाड्या पूर्वी त्यांच्याकडे येत.

२८ जानेवारी, रविवार

पहिला दिवस साफसफाईत गेला आणि त्यातला अर्धा वाया. मदतीला आलेल्या पोरानं एक ढीग थेट कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवला. लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही, रंग मात्र सुंदर सुटतो. पण त्या ढिगात दोन जस्ताच्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, बिजागऱ्या होत्या. पाणी फसफसायला लागलं तेव्हा लक्षात आलं. वर काढल्या तोवर कडा खाऊन गेल्या होत्या. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही कॉस्टिकमध्ये विरघळतात. आधी चुंबक लावायचा. चिकटलं नाही ते बाजूला.

दुसरं नुकसान त्याहून मोठं: रंगाचे थर गेले. बिजागरीवरचा रंग म्हणजे पुरावा. उरलेल्या ढिगावर आता फक्त एका कोपऱ्यात नखाएवढी खिडकी करतोय, सँडपेपरनं तिरकं घासून. थर एकाखाली एक दिसतात. एका बिजागरीवर वरून काळा, मग पिवळा, मग परत काळा निघाला. टॅक्सीची, आणि बहुधा मुंबईकडची. तीनवर सगळ्यात खाली मिलिटरीचा हिरवा. मात्र सगळ्यात वरच्या रंगावर भरवसा ठेवू नये. चाचांच्या वर्कशॉपात उरलेला रंग जे हातात येईल त्याला फासायची पद्धत होती.

तुटक्या डब्यातल्या एका छोट्या बिजागरीवर बारीक इंग्रजी 'एफ' ठोकलेला सापडला. दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं बनवलेल्या जीपच्या सुट्या भागांवर असा 'एफ' असतो, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. पण त्या जीपला पत्र्याची दारं नव्हतीच. तेव्हा ही दाराची नव्हे, कुठल्यातरी झाकणाची किंवा काचेच्या चौकटीची असणार. वेगळी ठेवली. जीपवाल्याला याची किंमत कळेल.

४ फेब्रुवारी, रविवार

आज आटे, म्हणजे बोल्टावरच्या आणि भोकातल्या फिरत्या खाचा. माझ्या मते बिजागरी ओळखण्याची सगळ्यात खात्रीची जागा हीच, पण एक अट आहे: बोल्टावर जाऊ नका. बोल्ट साठ वर्षांत दहा वेळा बदललेला असतो. ज्या पानात किंवा पट्टीत आटे पाडलेले आहेत ते भोक बघा, कारण ते कारखान्यात पडलं आणि सहसा तसंच राहिलं.

पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायच्या दातेरी पट्ट्या) दोन लागतात, एक मिमीचा, एक इंची. इंची गेज ५५ अंशाचा आणि ६० अंशाचा असे दोन प्रकार येतात. जुन्या विलायती गाड्यांसाठी ५५ चा हवाच. सातपूरला कंपनीच्या टूलरूममधून शनिवारी आणला, सोमवारी परत.

अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंच माप धरून सांगतो, कारण पोत्यातली बहुतेक भोकं याच मापाची आहेत. जुनं विलायती व्हिटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी (जाड आटे) दोन्हींना इंचाला १८ आटे. फरक फक्त कोनाचा, ५५ की ६० अंश. बीएसएफला (विलायती बारीक आटे) २२. यूएनएफला (अमेरिकन बारीक आटे) २४. आणि मेट्रिक ८ मिमीचा पिच १.२५, म्हणजे इंचाला साधारण २० च्या वर. ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपरनं झिजलेला बोल्ट मोजला तर हा ८ मिमी की अडीच सूत हे कळणं अवघड. बाजारातला ८ चा बोल्ट यूएनएफच्या भोकात दीड-दोन आटे जातो, मग अडतो. मेकॅनिक म्हणतो 'गंज आहे' आणि पाना मारतो. पोत्यातल्या निम्म्या भोकांचे आटे असेच मेलेले आहेत.

१९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं मिळून आट्यांचं एकच माप ठरवलं, त्यातून यूएनएफ-यूएनसी आलं. विलायतेतल्या मोटार कंपन्या त्यानंतर हळूहळू बीएसएफ सोडून तिकडे सरकल्या. त्यामुळे बीएसएफ आटे दिसले तर बिजागरी विलायती आणि जुन्या वळणाची, यूएनएफ दिसले तर अमेरिकन किंवा नंतरची विलायती, मेट्रिक दिसले तर फियाट, जर्मन किंवा पुढे आपल्याकडे बनलेली. ही गाळणी झाली, निकाल नव्हे. तरी या गाळणीनं पोत्याचे चार ढीग झाले आणि काम हातात आलं.

ट्रकच्या मूळ बिजागरीत आटे नाहीतच, आरपार भोकं. म्हणजे ही गाळणी माझ्या कामाला निरुपयोगी! तरी पोतं घेतलंय तर लावून ठेवू, कुणाला तरी उपयोग होईल.

११ फेब्रुवारी, रविवार

मेट्रिक ढिगातल्या चार बिजागऱ्यांनी डोकं खाल्लं. चारही एकाच साच्यातल्या. दोन दोनच्या जोड्या आरशातल्यासारख्या, म्हणजे दोन डाव्या, दोन उजव्या. त्यातल्या दोनवर जुन्या खडूनं 'डावी' लिहिलंय, पण हातात धरली तर उजव्या दाराची वाटते.

डावी-उजवी ठरवायची माझी पद्धत: गाडीच्या बाहेर, दारासमोर उभं राहिल्याची कल्पना करायची. दार पुढच्या खांबाला लटकत असेल तर डाव्या बाजूच्या दारासमोर उभं राहिल्यावर खांबाचं पान आपल्या डाव्या हाताला येतं, दाराचं उजव्या. उजव्या बाजूला उलट. (कागदोपत्री डावं-उजवं मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघत धरतात. विलायती कागदांत 'ऑफसाइड' असेल तर ती ड्रायव्हरची, आपली उजवी बाजू.)

गंगापूर रोडला एका ओळखीच्याकडे डुक्कर फियाट आहे. बिजागरी घेऊन तिथे गेलो आणि कोडं सुटलं. फियाट ११००-१०३ ही गाडी युरोपात १९५३ ला आली आणि आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनायला लागली. तिची पुढची दारं उलटी उघडतात: लॉक पुढे, बिजागरी मागे. मागची दारं नेहमीसारखी. म्हणजे पुढचं आणि मागचं दोन्ही दारं मधल्या एकाच खांबाला लटकतात. उलट्या दारात खांबाचं पान मागे जातं, त्यामुळे पुढच्या डाव्या दाराची बिजागरी हातात धरल्यावर नेहमीच्या उजव्या दाराची दिसते. खडूनं लिहिणाऱ्याचं बरोबर होतं.

मालकांनी स्वतः दार उघडून दाखवलं. "काका, जपून, वाऱ्यानं उघडलं तर जातंच," म्हणाले. चालत्या गाडीत हे दार थोडं सुटलं की वारा त्याला पूर्ण उघडतो, म्हणून या दारांच्या बिजागऱ्या आणि दार रोखणारे पट्टे ओढले जाऊन वाकलेले मिळतात. त्यांच्या गाडीवर धरल्यावर भोकांवर भोकं बसली. चारही त्यांना दिल्या. पुढे १९६४ च्या ११०० डिलाइटपासून पुढची दारंही सरळ उघडायला लागली आणि पद्मिनीला तेच आलं. तेव्हा 'फियाटची आहे' एवढ्यावर विकत घेऊ नका. दार कुठल्या बाजूनं उघडतं ते आधी विचारा.

इंची ढिगातली एक जोडी त्याच दिवशी कॉलेज रोडच्या एका गॅरेजमध्ये अ‍ॅम्बॅसडरच्या खांबावर धरली. जुळली. अ‍ॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सीरिजवरून आलेली, त्यामुळे तिथे इंच असणं ओघानंच आलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

झिजेवरून वरची-खालची आणि डावी-उजवी ओळखणं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ढीग समोर असल्यामुळे दिसलं.

दाराचं वजन लॉकच्या बाजूला लोंबतं. त्यामुळे वरची बिजागरी खांबापासून बाहेर ओढली जाते आणि खालची खांबाकडे दाबली जाते. पिन खांबाच्या पानात घट्ट असेल तर वरच्या पिनवर, दाराची नळी जिथे फिरते तिथे, खांबाच्या बाजूनं खड्डा पडतो. खालच्या पिनवर तोच खड्डा दाराच्या बाजूला. अंगठ्याच्या नखानं कळतो, व्हर्निअरही लागत नाही. दोन्ही पिना समोर ठेवून फिरवल्या की कुठली वर होती हे सांगता येतं.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे उजव्या पुढच्या दाराची वरची बिजागरी सगळ्यात जास्त मार खाते. एकाच साच्यातल्या चार मिळाल्या तर जास्त झिजलेली उजवी वरची धरायला हरकत नाही. गंजाचे ओघळ आणि वंगणाची काळी रेघ खालच्या दिशेला असते, त्यावरून कुठली बाजू वर होती तेही कळतं.

स्क्रूच्या डोक्यावरूनही थोडं कळतं. फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हाचा स्क्रू, मोटारीत पहिल्यांदा वापरला तो कॅडिलॅकनं १९३६ साली. त्याआधीच्या गाडीवर तो दिसला तर कुणीतरी नंतर बिजागरी उघडलेली आहे एवढं नक्की.

२५ फेब्रुवारी, रविवार

पोत्याच्या तळाशी ट्रकच्या जातीची एक बिजागरी मिळाली. दीड इंची, दोन सुती पट्टी, वळवलेली नळी, चार सुती पिन, भोकं चार. अंतरंही जुळली, एकात फक्त एक मिमी फरक. ही घणानं घडवलेली आहे. नळीच्या वळणावर पट्टी किंचित रुंद झालीय आणि जोडाची रेघ आतून दिसते. साच्यातली असती तर रेघ बाहेरून, आणि घासून काढलेली असती.

रंग पूर्ण उतरवल्यावर पानाच्या मागच्या, लाकडाला टेकणाऱ्या अंगाला छिन्नीच्या दोन खाचा दिसल्या आणि बाजूला एक टिंब. लगेच ट्रकवरून उतरवलेल्या बिजागऱ्या तपासल्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या वरचीला एक खाच, खालचीला दोन, दोन्हींना टिंब. क्लीनरच्या वरचीला एक खाच, टिंब नाही. क्लीनरच्या खालच्या पातळ बिजागरीला काहीच नाही, ती परकीच आहे.

चाचांना फोटो दाखवला. म्हणाले, "मालेगावच्या एका लोहाराची खूण. एक खाच वरची, दोन खालची. टिंब म्हणजे ड्रायव्हर." त्या लोहाराकडून नाशिकचे दोन-तीन बॉडीवाले माल घ्यायचे. भोकं मारताना सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवून मारत नसे, एकेक मारायचा, म्हणून एखाद-दुसरा मिमी इकडेतिकडे. म्हणूनच खुणा: जिथली तिथेच बसवायची, अदलाबदल केली तर बोल्ट तिरके जातात.

सापडलेली दोन खाचा आणि टिंबाची, म्हणजे ड्रायव्हरची खालची. नेमकी तीच तुटलीय! लाकडी केबिनचा ट्रक असलेल्यांनी पानाची मागची बाजू बघितल्याशिवाय काही ठरवू नये. समोरून सगळ्या सारख्या दिसतात.

३ मार्च, रविवार

शेडमध्ये द्राक्षाची काढणी सुरू, चारी बाजूंनी क्रेट आणि कागद. खांबातले कॅरेज बोल्ट निघेनात. या बोल्टाची मान चौकोनी असते, ती लाकडात रुतून बोल्टाला फिरू देत नाही. इथे लाकूड सडलेलं, त्यामुळे नटाबरोबर बोल्टही फिरतो. ग्राइंडर काढला तसे मामा धावत आले. "अरे, इथे ठिणग्या पाडू नकोस, सगळा माल जळेल." हॅकसॉ ब्लेडला कापड गुंडाळून, हातानं, नट आणि पानाच्या मध्ये कापत बसलो. सगळी दुपार गेली. गॅसची ज्योत लावायचा विचार आधीच सोडला होता, खांब जळाला असता.

ड्रायव्हरच्या वरच्या बिजागरीतला ठोकलेला बोल्ट मात्र घरी आणून काढला. डिझेल आणि गिअर ऑइलमध्ये आठवडाभर. हललासुद्धा नाही. शेवटी ड्रिल. ड्रिल अर्ध्यावर भरकटलं, कारण बोल्ट कडक आणि पट्टी मऊ. नळीची एक बाजू पातळ झाली. लेथवर पकडून मध्य काढून मग बोअर केलं असतं तर हे टळलं असतं, तिथे २०० रुपये जास्त गेले असते इतकंच.

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्रीची सुट्टी. आज बुश, म्हणजे पिन फिरते त्या नळीत आतून बसवायची धातूची छोटी नळी.

मूळ बिजागरीत बुश नाही, पिन सरळ पट्टीच्या नळीत फिरते. नळी लंबगोल झालेली, नवी पिन टाकून उपयोग नव्हता. नळ्या १६ मिमीला बोअर करून गनमेटलचे बुश घातले, आतून १२.७. अंबडमधल्या एका लेथवाल्यानं काम केलं, बोअरिंग आणि बुश मिळून १४०० रुपये, ड्रायव्हरच्या दोन्हींचं.

बुश लेथवर बरोबर होते, पिन सहज जात होती. दाबून बसवल्यावर पिन जाईना. बुश बाहेरून दाबला गेला की आतूनही आवळतो, हे ठरलेलंच. त्यानं पिन घासून बारीक करायची तयारी दाखवली. नको म्हटलं. पिन बारीक केली तर पुढच्या वेळी परत नवा हिशेब. अर्धा इंची रीमर, म्हणजे भोक आतून खरवडून मापात आणायचं हत्यार, मिळवला (भाडं १५०) आणि हातानं फिरवून बुश आतून मोकळे केले. पिन आता बोटानं ढकलली तर जाते, सोडली तर आपोआप पडत नाही. दारासाठी एवढंच हवं.

क्लीनरची ती परकी पातळ बिजागरी सध्यापुरती चालवावी म्हणून तिची चीर भरायला वेल्डिंगवाल्याकडे दिली होती. त्यानं नेहमीची ६०१३ रॉड लावली. गार होताना 'टक्' आवाज आला आणि चिरेच्या शेजारी दुसरी चीर. ओतीव लोखंड निघालं. ग्राइंडरवर धरलं असतं तर आधीच कळलं असतं: ओतीव लोखंडाच्या ठिणग्या तोकड्या आणि लालसर, पट्टीच्या लांब आणि पिवळ्या. ओतीवाला पितळी वेल्डिंग किंवा निकेल रॉड. आता ती कामातून गेली.

१७ मार्च, रविवार

दुरुस्त बिजागऱ्या लावून दार टांगलं. लॉकच्या बाजूला अजून ९ मिमी खाली.

बिजागरीत आता ढिलाई नाही, तपासली. दार उचलून सोडताना खांबाकडे बघत राहिलो तेव्हा दिसलं: वरच्या बोल्टांभोवतीचं लाकूडच हलतंय. पत्र्याखाली खांब सडलेला. म्हणजे बिजागरी बदलत राहिलो असतो तरी हे दार बसतच राहिलं असतं. मागे कुणीतरी पिन काढून बोल्ट ठोकला तो बहुधा याच दुखण्यावर.

सुताराला बोलावलं. त्याचं मत खांब पूर्ण बदलावा. त्यासाठी छताची एक बाजू उचलावी लागेल, पत्रा फाटेल. सध्या सडलेला भाग वरून २८० मिमी कापून सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडला, आणि आतून तीन मिमी जाड, खांबाच्या रुंदीची लोखंडी पट्टी टाकली, बोल्ट तिच्यातून आरपार. आता ताण लाकडावर न येता पट्टीवर पसरतो. सुतार, लाकूड, पट्टी मिळून ३२०० रुपये. पूर्ण कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि बिजागरीच्या यादीत तो नव्हताच.

जुन्या सुताराचं काम बघण्यासारखं होतं. बिजागरीसाठी खांबात खाच केलीय, तिची खोली खाली दोन सूत, वर दोन सुताहून थोडी जास्त. मला आधी वाटलं चूक आहे. पण दार लॉकच्या बाजूला किंचित वर ठेवून टांगलं की वजनानं बसल्यावर ते सरळ येतं, त्यासाठी ती खोली. नवा तुकडा बसवताना ती तशीच ठेवायला लावली.

३१ मार्च, रविवार

काल रंगपंचमी, जुन्या नाशकात रहाडीमुळे (रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरतात ते जुने हौद) सगळं बंद, रंगारीही रहाडीत. आज रंग.

पावडर कोटिंगचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. अंबडला स्वस्तात होतं. केलं नाही. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन बसतो आणि नळीत गेला तर बुश आवळतो. भट्टीत १८०-२०० अंशाला बुशमधलं वंगणही जातं. भोकं आणि नळ्या बुजवून, ग्रीस नंतर भरून करता येतं, पण या वाहनाला मला चकचकीत दिसणं नको होतं. रेड ऑक्साइडचा एक हात, वरून साधा काळा इनॅमल. पिनला आणि बुशला रंग लागू दिला नाही. नळीच्या वरच्या टोकाला दीड मिमीचं भोक पाडलं, तेलाची बाटली टेकवता यावी म्हणून. लोहारानं ते केलं नव्हतं. केलं असतं तर एवढी झीज झाली नसती असं मला वाटतं.

७ एप्रिल, रविवार

ड्रायव्हरचं दार टांगलं. फट वर ५ मिमी, खाली ६. दाराच्या पत्र्याचा खांबाबाहेर येणारा भाग खडूच्या मापाशी एक मिमीत जुळला. वरच्या बिजागरीखाली पातळ पत्र्याची एक शिम गेली. लॉक एका बोटानं लागतं. मामांनी चार-पाच वेळा उघडबंद केलं आणि म्हणाले, "आता काच पण बसव." काच माझ्याकडे नाही.

पोत्यातून उरलेलं: इंची ढिगातल्या बऱ्याचशा बिजागऱ्या अजून कुणाच्या ते ठरलेलं नाही. प्रत्येकीला तार बांधून चिठ्ठी लावलीय: पिनचा व्यास, आट्यांचं माप, भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, डावी की उजवी, ओतीव की घडीव की दाबलेली, आणि सगळ्यात खालचा रंग. नाव कुणाचंच लिहिलेलं नाही. ज्याच्याकडे गाडी असेल त्यानं खांबावर धरून बघावी. 'एफ' वाली देवळालीच्या एका जीपवाल्यानं नेली.

क्लीनरच्या खालच्या बिजागरीसाठी पट्टी आणि बार मी घेऊन दिला, मजुरी ४५०, आडगावजवळच्या लोहाराकडे टाकलीय. भोकं मी सांगितलेल्या खांबावर धरूनच मारायची, घरी आणून नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. पानाच्या मागे दोन खाचा मारायला सांगितल्यात, टिंब नको. पाडव्यानंतर देतो म्हणालाय.